घरचं गुऱ्हाळ आणि पोराला साखर, गूळ, फळ कायच चालत नाही. खायला घालायचं काय?

भोगावतीकाठची

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझा मुलगा अडीच वर्षांचा. तीन महिन्यांपूर्वी पुण्याला जीन टेस्ट करून निदान झालं, हेरेडिटरी फ्रुक्टोज इन्टॉलरन्स, डॉक्टर एचएफआय म्हणतात. फळांत जी साखर असते फ्रुक्टोज नावाची, ती फोडायचं लिव्हरमधलं एन्झाईम त्याच्यात कामच करत नाही. आणि आपली रोजची साखर नि गूळ म्हणजे अर्धं ग्लुकोज अर्धं फ्रुक्टोज, त्यामुळं ते बंद, मध बंद, सगळी फळं बंद. आणि आमचं घरचं गुऱ्हाळ आहे. हसावं का रडावं तेच कळंना. दसरा झाला की पुढं चार-पाच महिने कायलीचा वास घरभर, दारात आलेल्याच्या हातावर पाण्याच्या आधी गुळाचा खडा ठेवतात, आणि त्याच घरात हे पोरगं.

सहा महिने अंगावरच्या दुधावर कसा गुटगुटीत होता बघा. उष्टावणाला माझ्या भावानं चांदीच्या वाटीतनं खीर चाटवली, नव्या गुळाची. अर्ध्या-पाऊण तासात पोरगं पांढरंफटक, अंगाला घाम, उलटीवर उलटी. नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मग म्हटलं दात येतायत. मग म्हटलं पचत नाही. केळं कुस्करून दिलं की उलटी, सफरचंद उकडून दिलं की उलटी, तापाचं सिरप दिलं की अजून गळायचा, आणि गळाला म्हणून आम्ही साखरपाणी पाजायचो. आता आठवलं की पोटात गोळा येतो. दीड वर्षाचा झाल्यावर गोड दिसलं की तोंड फिरवायला लागला तर आम्ही नाक दाबून घातलं त्याला. सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्याच, ती म्हणायची गुऱ्हाळवाल्याच्या घरात जन्मून गूळ खात नाही म्हंजे काय. पोट पुढं आलेलं, हातपाय काड्या. एका दवाखान्यात जंताचं औषध, दुसऱ्यात काविळीचं, आणि दोन्ही औषधं गोड सिरपच.

आता सगळं गोड बंद केल्यावर तीन महिन्यांत दोन किलोच्या आसपास वजन वाढलंय, लिव्हरची सूजपण उतरायला लागलीय. म्हणजे रस्ता बरोबर आहे. पण डायटिशियननं दिलेला कागद इंग्लिशमधला, त्यात ब्रोकोली नि सेलरी नि कसले कसले चीज. मला सांगा आपल्या घरात रोज ताटात काय वाढायचं? कांद्याशिवाय आमच्याकडं फोडणीच होत नाही, कांदा खरंच बंद का? भाकरी चालते का? बटाटा? मटण? आणि जूनमधे बालवाडीत घालायचाय, तिथं रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस. खरं म्हणजे त्याला काय द्यायचं हे मी शिकीन, पण त्याला काय देऊ नका हे शंभर माणसांना कसं सांगू ते कळत नाही.

अस्सल_देशी_०९

ताई साखर हे विषच आहे त्यात काय वाद नाही, पण केमिकल न घातलेला सेंद्रिय गूळ द्या थोडा थोडा, नायतर मध चाटवा, नॅचरल असतं त्यानं काय होत नाही. सवय लागली की पचतं हळूहळू. आमच्या पुतण्याला दुधाचं असंच होतं, थोडं थोडं देऊन बसलं अंगी.

इचलकरंजीचा_बाबा

वरच्या भावा, राग मानू नको पण तो मेसेज ताईंनी मनावर घेतला तर पोरगं आयसीयूत जाईल. यात सवय होत नाही. एन्झाईम जन्मापासनं नाही ते थोडं थोडं देऊन कुठनं येणार? फ्रुक्टोज आत गेलं की ते लिव्हरमधे अर्धवट अडकून पडतं, आणि ते अडकलं की साठवलेल्या साखरेचं पण कुलूप उघडत नाही, म्हणून गोड खाऊन रक्तातली साखर उलट खाली जाते. मधात पण फ्रुक्टोज भरपूरच असतंय. सेंद्रिय असो नायतर पंचगंगेच्या पाण्यावर पिकवलेलं असो, रेणूला त्याचं काय कळतंय.

ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची, तिला हेच आहे. तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली तर ती भाकरी थापायची थांबली. नाक दाबून घातलं म्हणालात ना, आमच्याकडं पेढा भरवलाय असाच, तोंड धरून, तिच्या पहिल्या वाढदिवसाला. त्यावर जास्त विचार करत बसू नका. पोराला कळत होतं, आपल्याला कळत नव्हतं, एवढंच.

आता खायचं सांगतो. आमच्याकडं भात हा राजा. पांढरा, पॉलिश केलेला तांदूळ, त्यात फ्रुक्टोज जवळपास नाहीच म्हणा. आम्ही आजरा घनसाळ आणतो, वासानंच पोरगी चार घास जास्त खाते. भात, तूप, मीठ. भात-दही. भात-ताक. मऊ भातात दूध. दूध पूर्ण चालतं, कारण दुधातली साखर वेगळी, लॅक्टोज, त्यात फ्रुक्टोज नसतंय. तेव्हा दूध, दही, ताक, तूप, लोणी, घरचं पनीर सगळं बिनधास्त, फक्त डेअरीतलं फ्लेवरवालं काय आणू नका, मसाला दूध आणू नका, दुकानातलं श्रीखंड लांब ठेवा. अंडं चालतं. मासा चालतो. चिकन-मटण चालतं. म्हणजे बघा, आपण कोल्हापूर जिल्ह्यात आहोत हे एका अर्थी नशीबच, कारण अळणी आहे! मटण शिजवताना हळद, मीठ, आलं-लसूण अगदी नावाला, कांदा घालायचा नाही, आणि तो अळणी रस्सा भातावर. आमच्या घरात आता सगळ्यांचं मटण आधी असंच शिजतं, तिचं काढून घेतलं की मग उरलेल्याला कांदा-खोबऱ्याचं वाटण नि तांबड्याची फोडणी. वेगळं भांडं नाही, वेगळा स्वयंपाक नाही, फक्त क्रम बदलला. पांढरा रस्सा मात्र तिला नाही, त्यात नारळ, काजू, सगळं थोडं थोडं गोडच असतं.

कांदा, होय, बंदच धरा. एका मध्यम कांद्यात फ्रुक्टोज आणि साखरेतलं धरून दीड-दोन ग्रॅम जातं. ऐकायला कायच नाही वाटत. पण आमच्या डायटिशियनबाईंनी पोरगी लहान असताना अख्ख्या दिवसाला दीड ग्रॅमच्या आत ठेवा असं सांगितलतं, तुमच्या पोराचा आकडा त्याच्या वजनावर तुमच्या डॉक्टरांकडनं घ्या. अंदाज यावा म्हणून सांगतो, चहाचा एक चमचा साखर म्हणजे अडीच ग्रॅम फ्रुक्टोज आणि एक सफरचंद म्हणजे दहाच्या वर. टोमॅटो, गाजर, बीट, रताळं, मटार, मका, चिंच हे पण नाही. आंबट पाहिजे तर ताक.

भाकरीचं म्हणाल तर तांदळाची. चंदगड-आजऱ्याकडं तीच खातात, उकड काढून थापली की मऊ राहते. ज्वारी नि गहू आम्ही मोजून देतो. गव्हाच्या कोंड्यात नि अंकुरात साखर असते थोडी, त्यामुळं चपातीपेक्षा मैदा बरा असं डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मिळणारा हा बहुतेक एकच आजार असेल, आमच्या आईला ते अजून पटलेलं नाही. डाळी पण मोजूनच.

बटाट्याची एक गंमत आहे. बटाटा चालतो म्हणून आम्ही रोज द्यायचो, आणि एका उन्हाळ्यात पोरगी आठवडाभर कसंतरी करायला लागली. मळमळ, चिडचिड. काय बदललं काय बदललं म्हणून शोधत बसलो तर बायको म्हणाली बटाटा गोड लागतोय हो. कोल्ड स्टोरेजचा माल. गारठ्यात ठेवला की बटाट्यातल्या पिठाची साखर होते. तेव्हापासनं बटाटा घरात आला की आधी एक फोड उकडून आम्ही चाखतो, गोड लागला तर आमच्या भाजीत. दुसरं म्हणजे भाजी कुठलीपण असो, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची नि पाणी ओतून द्यायचं, साखर पाण्यात उतरते. जीवनसत्त्वं पण उतरतात, पण ती गोळीनं भरून काढता येतात. पालक आणि मश्रूम आमच्याकडं सगळ्यात जास्त.

आणि ग्लुकोज चालतो, हे घरात सगळ्यांना पाठ करून ठेवा. डेक्स्ट्रोज म्हणजे तेच. मेडिकलमधे साधी पावडर मिळते, संत्र्याच्या-लिंबाच्या फ्लेवरची नाही, पुड्याच्या मागं फक्त डेक्स्ट्रोज लिहिलेलं बघून घ्यायचं. त्याची खीर होते, शेवया होतात, वाढदिवसाला आम्ही खरवस करतो त्याचा. साखरेपेक्षा गोडी कमी असते. पोरगी काय मागत नाही म्हणा, दोन चमचे खाते आणि बास म्हणते. चक्कर आली, गळाला, बराच वेळ खाल्लं नाही, तर हाच ग्लुकोज पाण्यातनं. साखर नाही! कोण तरी शेजारपाजारचं धावत साखर घेऊन येतंच.

पण ह्या ग्लुकोजनंच आमचा घात केलता एकदा. सगळ्या पाहुण्यांना सांगितलं तिला ग्लुकोज चालतो. चुलत्यानं प्रेमानं ग्लुकोज बिस्किटांचा बॉक्सच आणला, माझ्या आईनं दुधात बुडवून चार दिली. नाव ग्लुकोज, आत मैदा, साखर नि इन्व्हर्ट सिरप, म्हणजे साखरेचाच फोडलेला पाक. रात्री अकराला दवाखाना. चुलता अजून आला की आधी मोकळे हात दाखवतो मग चपला काढतो.

गडहिंग्लजचा_गडी

मी ४३ वर्षांचा आहे आणि मला हा आजार आहे हे मला ३६ व्या वर्षी कळलं. लहानपणी घरात मला "तिखट्या" म्हणायचे. गोड खायचं नाही, आंबा खायचा नाही, संक्रांतीला तिळगूळ खिशात घालून गोठ्यात म्हशीला. आई मारायची, मास्तर हसायचे. सुरळीत मोठा झालो कारण मीच खात नव्हतो, बाकी काय नाही.

कळलं कसं तर दातांमुळं. डॉक्टर म्हणाले ह्या वयात एक पण दात किडलेला नाही, काय करता काय तुम्ही? म्हटलं गोड खाल्लं की मला उलटी होते. ते गप झाले, मग म्हणाले कुणाला तरी दाखवा. नंतर वाचलं की ह्या आजारावर पहिल्यांदा लिहिलं गेलं १९५६ साली, इंग्लंडातल्या दोन डॉक्टरांनी, आणि त्यांची पेशंट पण २४ वर्षांची बाई होती, फळं नि साखर खाल्ली की मळमळ, चक्कर. म्हणजे तिला पण तोवर कुणीतरी नाटकं करते म्हटलंच असणार, माझा अंदाज.

ताईंना एवढंच सांगतो, पोरगं नको म्हणालं की नको. मोठ्यांचं काम फक्त लपून आत गेलेलं गोड शोधायचं. मला त्रास झालाय तो नेहमी तिखटातनंच. हॉटेलच्या रश्श्यात चव जुळवायला गूळ टाकतात, भडंगाला पिठीसाखर लावतात, लोणच्यात गूळ, आमटीत गूळ, वांग्याच्या भाजीत गूळ. आपल्या भागात गूळ म्हणजे मिठासारखा पडतो, टाकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो नाही टाकला, खोटं बोलत नाही, त्याच्या लक्षातच नसतं. भडंग पाहिजे तर घरी साधे चिरमुरे, तूप, जिरं, मीठ. मी गाडीच्या डिकीत डबा ठेवतो कायम.

आणि पोटाच्या डॉक्टरकडं गेला तर फ्रुक्टोज पाजून फुंकर मारायची एक टेस्ट असते, ती दुसऱ्या दुखण्यासाठी असते, फळं पचत नाहीत गॅस होतो त्याच्यासाठी. नावं सारखी आहेत म्हणून गोंधळ होतो. आपल्याला ती करायची नाही, धोका आहे.

गोळीवाला_राजारामपुरी

मेडिकल आहे माझं, म्हणून औषधापुरतं बोलतो, बाकी वर चांगलं सांगितलंय.

लहान मुलांची बहुतेक सिरपं साखरेची. लोक मग हुशारीनं म्हणतात शुगर-फ्री द्या. आणि इथंच फसतात. शुगर-फ्री सिरपमधे गोडी आणायला बऱ्याचदा सॉर्बिटॉल असतं, आणि सॉर्बिटॉलचं शरीरात गेल्यावर फ्रुक्टोजच होतं. डायबेटिसवाल्यांच्या मिठाईत, शुगर-फ्री गोळ्यांत, च्युइंगममधे तेच, नायतर माल्टिटॉल. पाकिटावर नाव नसलं तर आयएनएस म्हणून घटकाचा नंबर असतो, त्यात ४२० म्हणजे सॉर्बिटॉल आणि ९६५ म्हणजे माल्टिटॉल, हे दोन आकडे पाकिटात चिठ्ठी करून ठेवा. टूथपेस्टमधे पण सॉर्बिटॉल असतंच बहुतेक सगळ्या, लहान पोरं गिळतात, त्यामुळं डेंटिस्टला विचारून काय ते ठरवा.

तापाला डॉक्टरांना सांगून पॅरासिटामॉलची साधी गोळी वजनावर तुकडा करून चुरून पाण्यातनं, नायतर मागनं घालायची सपोझिटरी मिळते, लहान मुलांच्या डोसमधे. आमच्याकडं मागवावी लागते, आधी फोन करा. फळं बंद म्हणजे सी व्हिटॅमिन बाहेरून द्यावं लागणार, पण चघळायच्या नारंगी गोळ्या नकोत, त्या साखरेच्याच.

जुलाब लागले तर मीठ-साखर-पाणी नाही. डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याची ओआरएस पुडी ग्लुकोजची असते, ती डॉक्टरांना विचारून. पण बिनफ्लेवरची बघा. ते टेट्रापॅकमधे जूससारखं मिळतं ते घेऊ नका, साखरच असते. आणि दवाखान्यात ॲडमिट झाला तर सलाईन लावायच्या आधी तोंडानं सांगा, डेक्स्ट्रोज चालतं, फ्रुक्टोज-सॉर्बिटॉल असलेलं काय शिरेतनं जायचं नाही. मेटाबॉलिक डॉक्टरांकडनं, म्हणजे असले जन्मजात पचनाचे आजार बघतात त्यांच्याकडनं, लेटरहेडवर मराठी आणि इंग्लिश दोन्हीत लिहून घ्या, लॅमिनेट करा, एक बालवाडीत, एक गाडीत, एक आजीच्या बटव्यात.

अजून एक. पुढं दुसरं मूल होणार असेल तर लवकर सांगून ठेवा, सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला जे रोटाव्हायरसचे ड्रॉप्स देतात त्यात पण साखर असते. डॉक्टरांना माहिती पाहिजे.

मावशी_शाहूपुरी

मी वेगळ्या आजाराची, पण राहवलं नाही. माझ्या बहिणीच्या मुलीला पीकेयू आहे, फिनाईलकीटोन्युरिया. तिचं बरोबर उलटं. तिला फळं चालतात, साखर चालते, गूळ चालतो, साबुदाणा चालतो, आणि मटण, अंडं, दूध, डाळ बंद, कारण तिला प्रोटीनमधला एक घटक फुटत नाही. प्रोटीन सगळं डब्यातल्या पावडरीतनं, ती महाग आणि वासाला अशी की शेजारी विचारतात काय शिजतंय. तुमचा मुलगा आणि आमची पोरगी एका ताटात बसवली तर दोघांत मिळून एक माणूस पूर्ण जेवेल.

सांगायचं कारण, "मेटाबॉलिक डाएट" म्हणून नेटवर काय तरी वाचून करू नका. एकाचं औषध दुसऱ्याचं विष असतं यात. आम्ही दर काही महिन्यांनी मुंबईला केईएमला जातो, २०२१ च्या दुर्मिळ आजारांच्या धोरणात ते केंद्र आहे. तुमच्या आजाराला महागडी पावडर लागत नाही, हे तेवढं बरं आहे बघा.

आणि ताई, सासूबाई सख्खी आत्या म्हणालात म्हणून विचारते, राग नको. आमच्या बहिणीचं पण मामाच्या मुलाशीच झालंय. एकाच घराण्यातनं दोघांकडं तोच बिघडलेला जीन येतो, आईबाप ठणठणीत असतात, आणि दर खेपेला चारात एक मूल असं निघायची शक्यता. आमच्याकडं यावरनं लई रडारड झाली, कुणामुळं झालं म्हणून. दोघांमुळं झालं, आणि कुणाच्याच हातात नव्हतं. दीर-नणंदांची पोरं असतील तर त्यांच्या घरी पण सांगा, तपासून घेतील.

अस्सल_देशी_०९

मला माहीत नव्हतं हे. ताई माफ करा, आधीचं वाचू नका.

भोगावतीकाठची

सगळ्यांना उत्तर द्यायला सतरा दिवस लागले, मधे पोराला सर्दी-ताप होता. यावेळी सपोझिटरी वापरली, पहिल्यांदाच ताप आला आणि उलटी झाली नाही. गोळीवाले दादा, तुमच्याच दुकानातनं आमच्या मालकांनी नेली बहुतेक, त्यांना विचारायचं धाडस झालं नाही म्हणे.

हे सगळं मी आत्याला बसून वाचून दाखवलं. गडहिंग्लजच्या दादांचं तिखट्या वाचताना ती उठूनच गेली. म्हटलं चिडली. तर थोड्या वेळानं आत येऊन म्हणाली आमच्या धाकट्या भावाला पण असंच व्हायचं गं, दोन वर्षांचा होऊन गेला, नाव ठेवलतं पण फोटो नाही. माझाच काका म्हणजे, आणि मला हे माहीतच नव्हतं. तो ह्यानंच गेला का कशानं ते आता कोण सांगणार. पण दुसऱ्या दिवसापासनं स्वयंपाकघरात गुळाचा डबा वरच्या फळीवर गेला आणि आत्या स्वतः मटण दोनदा काढायला लागली, आधी त्याचं अळणी, मग आमचं. मला हात लावू देत नाही, म्हणते तुझा कांद्याचा हात आहे.

सकाळी सासरे त्याला गंगावेशला दूध कट्ट्यावर घेऊन जातात कधीमधी, कामाला शहरात गेले की. म्हैस समोर पिळतात ते बघायला त्याला आवडतं. तिथं प्यायला देत नाहीत, घरी आणून उकळून देतो. पण कट्ट्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं सासरे सांगतात म्हणे, आमच्या नातवाला दूध चालतंय, फक्त साखर घालू नका.

गुऱ्हाळाचं मात्र अवघड आहे. गुळव्या, फडकरी, गाडीवाले, सगळ्यांचा लाडका तो. चिठ्ठी चिकटवून बघितली, वाचतंय कोण. मग माझ्या नवऱ्यानं चिरमुऱ्याचा एक डबा करून दिला, तूप-मीठ लावून, आणि तोच गळ्यात अडकवलाय दोरीनं. कुणी काकवीचं बोट पुढं केलं की हा डब्याचं झाकण काढतो आणि त्यांनाच चिरमुरे देतो. परवा एक पाहुणा गूळ देत होता तर ह्यानं त्याच्याच हातावर चिरमुरे ठेवले, आणि "मला उलटी होते" असं म्हणाला, एवढं मोठं वाक्य पहिल्यांदाच.

बालवाडीच्या बाईंना भेटून आले. त्या म्हणाल्या वाढदिवसाच्या दिवशी आधी फोन करा, मी त्याला त्याच्या डब्यातलं आधी देईन. बघू.

ज्वारीचं आणि डाळीचं प्रमाण डॉक्टरांना फोनवर विचारून घेतलं, तांदळाची भाकरी मात्र माझी चिरतेय अजून. उकड किती मऊ काढायची? आणि इचलकरंजीचे दादा, वहिनींना विचारा, पालक कांदा-टोमॅटोशिवाय चवीला कसा करतात, कारण मी करते तो म्हशीचा चारा लागतो, त्याचे बाबा पण खात नाहीत.

इचलकरंजीचा_बाबा

बायको म्हणते, जेवढं पीठ तेवढंच पाणी, पाण्याला मीठ घालून उकळी आली की पीठ टाकायचं, गॅस बंद, झाकण, दहा मिनिटं हात लावायचा नाही. मग गरम असतानाच तुपाचं बोट लावून मळायचं, हात भाजला पाहिजे, नाही भाजला तर चिरणारच. पालकाला बारीक चिरून उकळून पाणी काढायचं, पिळायचं घट्ट, कढईत तूप जरा सढळ, जिरं, लसणाची एकच पाकळी ठेचून, मग पालक, मीठ, आणि वरून एक अंडं फोडून हलवायचं. मिरी चिमूटभर. अंडं घातलं की चारा लागत नाही.